विश्लेषण : सोयाबीनच्या शेतात तुरीच्या दोन ओळी, आंतरपीक फायद्याचे, तरी शेतकरी मागे का?

हमीभावाखाली गेलेले सोयाबीन, काढणीच्या तोंडावर होणारी अतिवृष्टी आणि दुसरीकडे डाळींची वाढती आयात. या सगळ्यावर कृषी विद्यापीठांपासून केंद्राच्या कडधान्य मोहिमेपर्यंत एक उपाय हमखास सुचवला जातो, तो म्हणजे आंतरपीक. उपाय जुना आहे आणि त्यामागचे शास्त्रही पक्के आहे. तरीही सोयाबीनचे सलग पट्टे वाढतच गेले. आंतरपिकाचा हिशेब नेमका कुठे बसतो, कुठे फसतो आणि तो व्यवहारात उतरवायचा तर काय बदलावे लागेल, याचा हा वेध.

एका पिकावर भिस्त किती?

महाराष्ट्रात खरिपाचे सरासरी क्षेत्र सुमारे १४४ लाख हेक्टर. त्यातले जवळपास ५० लाख हेक्टर सोयाबीनखाली आणि सुमारे ४० लाख हेक्टर कापसाखाली. म्हणजे निम्म्याहून अधिक खरीप या दोनच पिकांवर उभा असतो. विदर्भ आणि मराठवाड्यात हे प्रमाण आणखी जास्त. खरीप ज्वारी, मूग, उडीद यांची जागा गेल्या तीन दशकांत सोयाबीनने घेतली.

याची किंमत गेल्या काही हंगामांत सलग दिसली. २०२३ मध्ये अनेक जिल्ह्यांत सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला. २०२४ मध्ये पीक बरे आले, पण ४,८९२ रुपये हमीभाव असताना बाजारात दर चार हजारांच्या आसपास घुटमळले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके पाण्यात गेली. राज्यात ६८ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्राला फटका बसला आणि सरकारला ३१,६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर करावे लागले.

रोग, भाव आणि पाऊस ही तीन वेगवेगळी संकटे. पण शेतात एकच पीक असेल तर तिन्ही वेळा नुकसान पूर्ण शेताचे होते.

आंतरपीक आणि मिश्रपीक यांत फरक काय?

दोन पिकांचे बियाणे एकत्र मिसळून पेरले, तर ते मिश्रपीक. ठरावीक ओळींच्या प्रमाणात दोन पिके स्वतंत्र पेरली, तर ते आंतरपीक. सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन ओळी (४:२), बाजरीच्या दोन ओळींमागे तुरीची एक (२:१), कापसाच्या दोन ओळींमध्ये मूग किंवा उडदाची एक ओळ (१:१) ही राज्यातील कृषी विद्यापीठांच्या शिफारशींतील ओळखीची उदाहरणे.

फरक लहान वाटतो, पण व्यवहारात तोच महत्त्वाचा. ओळी वेगळ्या असल्या की कोळपणी करता येते, फवारणी वेगळी करता येते आणि काढणीही वेगवेगळ्या वेळी होते.

एकाच जमिनीत दोन पिके पोटभर कशी येतात?

कारण दोघांची गरज एकाच वेळी येत नाही. सोयाबीन सुमारे १०० दिवसांत काढणीला येते. तुरीचे मध्यम कालावधीचे वाण १५० ते १८० दिवस घेतात. तूर सुरुवातीचे दीड-दोन महिने अगदी सावकाश वाढते. तोवर ऊन, ओलावा आणि जागा सोयाबीन वापरून घेते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोयाबीन निघाले की तुरीला दोन्ही बाजूंनी मोकळी जागा मिळते आणि ती फांद्या पसरते.

मुळांचेही तसेच. सोयाबीनची बहुतेक मुळे वरच्या थरात असतात, तुरीचे सोटमूळ खोल जाते. पाऊस थांबल्यावर खालच्या थरातला ओलावा तुरीला मिळतो. शिवाय तुरीच्या मुळांतून स्रवणारी आम्ले जमिनीत लोहाशी बांधला गेलेला स्फुरद मोकळा करतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत झालेले हे संशोधन १९९० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. तुरीची पानगळ जमिनीला सेंद्रिय पदार्थ देते, ते वेगळेच.

ज्वारी आणि तुरीची जोडी याहून सरस मानली जाते. एक तृणधान्य, दुसरे कडधान्य असल्याने नत्रासाठी स्पर्धा कमी होते. ज्वारीसोबत घेतलेल्या तुरीत मर रोगाचे प्रमाण कमी राहते, हेही प्रयोगांतून दिसले आहे. पण ज्वारीची काढणी, पाखरांचा त्रास आणि भाव यांमुळे ती जोडी मागे पडली. आज प्रश्न मुख्यतः सोयाबीन-तुरीचा आहे.

उत्पन्नाचा हिशेब काय सांगतो?

आंतरपिकाचे मोजमाप ‘जमीन समतुल्य गुणोत्तरा’ने करतात. आंतरपिकातून एका एकरात जेवढे मिळाले, तेवढेच दोन पिके सलग पेरून मिळवायला किती एकर लागले असते, हे त्यातून कळते. उत्तर एकापेक्षा जास्त आले तर आंतरपीक सरस.

समजण्यासाठी एक ढोबळ उदाहरण घेऊ. कोरडवाहू मध्यम जमिनीत सलग सोयाबीन एकरी ८ क्विंटल आणि सलग तूर एकरी ५ क्विंटल येते, असे धरू. ४:२ पद्धतीत त्याच एकरात सोयाबीन साडेपाच आणि तूर ३ क्विंटल आली. सोयाबीनचा वाटा ०.६९, तुरीचा ०.६०. बेरीज १.२९. म्हणजे एका एकराने जवळपास सव्वा एकराहून अधिक काम केले.

आता रुपयांत पाहू. २०२५-२६ चे हमीभाव सोयाबीनला ५,३२८ आणि तुरीला ८,००० रुपये क्विंटल.

• सलग सोयाबीन : ४२,६२४ रुपये
• सलग तूर : ४०,००० रुपये
• सोयाबीन + तूर : ५३,३०४ रुपये

हमीभाव मिळालाच नाही तर? सोयाबीन ४,२०० आणि तूर ६,५०० रुपयांनी विकली, असे धरले तर सलग सोयाबीनचे ३३,६०० आणि आंतरपिकाचे ४२,६०० रुपये होतात. फरक ९ हजारांचा.

पण हा फरक निव्वळ नफा नाही. तुरीला शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी दोन-तीन फवारण्या लागतात, काढणी आणि मळणी वेगळी करावी लागते. त्यासाठी एकरी साडेचार हजार रुपये धरले, तर हातात साडेचार हजारच उरतात. आणि याच दराने तूर साधारण सव्वादोन क्विंटलच्या खाली घसरली, तर आंतरपीक तोट्यात जाते. कारण तुरीसाठी सोयाबीनचे अडीच क्विंटल आधीच सोडलेले असतात.

म्हणजे आंतरपिकातला फायदा आहे, पण तो आपोआप मिळत नाही. दोन ओळी टाकून तुरीकडे पाठ फिरवली तर हिशेब उलटतो.

मग खरा लाभ कोणता?

वाईट वर्षातला. ज्वारी-तूर आंतरपिकाच्या ९४ प्रयोगांचा अभ्यास इक्रिसॅटच्या एम. आर. राव आणि आर. डब्ल्यू. विली यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केला. उत्पन्न एका ठरावीक पातळीखाली जाणे म्हणजे पीक बुडाले, असे त्यांनी धरले. त्या कसोटीवर सलग तूर पाच वर्षांत एकदा बुडते, सलग ज्वारी आठ वर्षांत एकदा आणि दोन्हींचे आंतरपीक ३६ वर्षांत एकदा.

हे आकडे ज्वारी-तुरीचे आहेत, सोयाबीनला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तत्त्व मात्र तेच. वरच्या उदाहरणात काढणीच्या पावसाने सोयाबीन निम्मे गेले, तर सलग सोयाबीनचे चार क्विंटल म्हणजे १६,८०० रुपये येतील. आंतरपिकात सोयाबीन पावणेतीन क्विंटलवर आणि तूर तीनऐवजी दोन क्विंटलवर आली तरी एकूण २४,५५० रुपये हाती पडतात. बँकेचे हप्ते, मुलांची फी आणि पुढच्या पेरणीची सोय यांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

पैसेही दोनदा येतात. सोयाबीनचे दिवाळीच्या सुमारास, तुरीचे संक्रांतीच्या पुढेमागे. त्यामुळे सोयाबीन घरात येताच पडत्या भावात सगळे विकण्याची घाई थोडी कमी होते.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. तूर पाणी साचलेले सहन करत नाही. शेतात दोन-चार दिवस पाणी तुंबले तर सोयाबीनआधी तूरच माना टाकते. म्हणून भारी जमिनीत रुंद वरंबा-सरी अर्थात बीबीएफ पद्धतीशिवाय हे आंतरपीक धोक्याचे ठरते. सरीतून जादा पाणी निघून जाते आणि पावसाच्या खंडात तीच सरी ओलावा धरून ठेवते.

फायदा आहे, तर शेतकरी मागे का हटला?

पूर्वी पेरणी तिफणीने होई. तिफणीमागे दोरीने सरता बांधून बाई किंवा मुलगा तुरीचे तास पेरत जाई. डवरणी किंवा कोळपणी बैलांनी होई, काढणी घरच्या माणसांनी. आंतरपीक त्या साधनांत सहज बसत होते.

आता बैलजोडी ठेवणे परवडत नाही. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. पावसानंतर वाफसा आला की गावातल्या दोन-तीन ट्रॅक्टरमागे सगळ्यांची रांग लागते. बहुतेक पेरणीयंत्रांची बियाण्याची पेटी सलग असते. दोन बियाणी वेगळी ठेवायला पेटीत फळी बसवावी लागते, छिद्रे बदलावी लागतात. रांगेत दहा शेतकरी थांबलेले असताना चालक त्यात अर्धा तास घालवायला तयार नसतो.

तणाचाही प्रश्न आहे. मजूर मिळत नाहीत, म्हणून तणनाशक आले. ते पीक पाहून काम करते. मक्यात सर्रास वापरले जाणारे ॲट्राझिन सोयाबीनला मारक. उसातले २,४-डी कडधान्यांना जाळते. सोयाबीन आणि तूर दोन्ही द्विदल असल्याने ही अडचण तुलनेने कमी आहे, पण एका पिकाला चाललेले औषध दुसऱ्याला चालेलच असे नाही. बाटलीवरच्या माहितीत दोन्ही पिकांची नावे आहेत का, हे पाहूनच फवारावे लागते.

काढणीच्या वेळी हीच अडचण पुन्हा येते. मोठ्या हार्वेस्टरचे पाते साधारण १२ ते १४ फुटांचे असते. ४५ सेंटिमीटर अंतरावरच्या सोयाबीनच्या चार ओळींचा पट्टा सहा-सात फुटांचा. त्यात मोठे यंत्र शिरले तर तूर आडवी होते. मग सोयाबीन मजुरांकडून उक्ते कापून घ्यावे लागते. नेमक्या त्याच आठवड्यात सगळ्या गावाला मजूर हवे असतात.

शेवटची अडचण शेजारची आहे. सोयाबीन निघाल्यावर शिवार मोकळे होते आणि जनावरे मोकाट सुटतात. रोही आणि रानडुकरे असतातच. शिवारात एकट्याचीच तूर उभी असेल तर सगळ्यांचा मोर्चा तिकडे वळतो. पेरणीचा निर्णय एकट्याचा असला तरी तूर राखणे एकट्याच्या आवाक्यातले नाही. आजूबाजूच्या आठ-दहा शेतकऱ्यांनी मिळून तूर पेरली तर राखणीचा खर्च वाटला जातो. अनेक गावांत तूर टिकली किंवा संपली, ती याच कारणाने.

यंत्राशी मेळ घालता येतो का?

येतो, मात्र ओळींची मांडणी पेरणीआधी ठरवावी लागते. सहा फणांच्या पेरणीयंत्राचे उदाहरण घ्या. दोन्ही तुरी एकाच कडेला ठेवल्या आणि ट्रॅक्टर वळून परत आला, तर तुरीच्या चार ओळी शेजारी-शेजारी येतात आणि पुढे सोयाबीनच्या आठ. त्याऐवजी दोन्ही टोकांच्या एकेका फणातून तूर आणि मधल्या चारांतून सोयाबीन पेरले, तर प्रत्येक फेऱ्याची कडेची तूर पुढच्या फेऱ्याच्या तुरीला जोडून येते. ट्रॅक्टर कोणत्याही बाजूने आला तरी चार सोयाबीन, दोन तूर हे गणित बिघडत नाही. पेटीत लागतात त्या फक्त दोन फळ्या.

काढणी मोठ्या हार्वेस्टरने करायची असेल तर ४:२ चा आग्रह सोडून सोयाबीनचा पट्टा नऊ-दहा ओळींचा करावा लागेल आणि मध्ये तुरीच्या दोन ओळी. यात तुरीचे उत्पादन कमी होते, पण मजुरीचा मोठा खर्च वाचतो. मजूर मिळणाऱ्या गावात ४:२ आणि न मिळणाऱ्या गावात रुंद पट्टा, असे दोन वेगळे सल्ले द्यायला हवेत. आज बहुतेक ठिकाणी एकच सल्ला दिला जातो.

वाणांची निवडही जोडीने करावी लागते. सोयाबीन लवकर येणारे हवे, म्हणजे तुरीला मोकळीक वेळेत मिळते. हलक्या-मध्यम जमिनीत तूरही लवकर येणारी हवी. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन-७११ हा वाण त्यासाठी मराठवाड्यात लोकप्रिय झाला. जमिनीतली ओल संपण्याआधी त्याचे दाणे भरतात. उशिरा येणारा, पसरणारा वाण हलक्या जमिनीत घेतला तर तूर उंच दिसते, पण शेंगा पोचट राहतात.

सातबारा आणि सरकारी खरेदीत अडचण काय?

आंतरपिकाची नोंद हा दुर्लक्षित, पण थेट पैशांशी जोडलेला मुद्दा आहे. गाव नमुना बारामध्ये ‘मिश्र पिकाखालील क्षेत्र’ आणि ‘निर्भेळ पिकाखालील क्षेत्र’ असे रकाने पूर्वापार आहेत. राज्यात २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीतही मिश्र पिकाचा पर्याय आहे. पण घाईत अनेक जण सगळे क्षेत्र सोयाबीनच्या नावावर टाकून मोकळे होतात. मग जानेवारीत तूर घेऊन हमीभाव केंद्रावर गेल्यावर सातबाऱ्यावर तूरच नसते.

नोंद बरोबर केली तरी पेच संपत नाही. ४:२ च्या एका एकरात, म्हणजे ४० गुंठ्यांत, सोयाबीनचे साधारण २७ आणि तुरीचे १३ गुंठे नोंदवले जातात. हमीभावाने खरेदी करताना हेक्टरी उत्पादकतेची मर्यादा लावली जाते. समजा ही मर्यादा एकरी पाच क्विंटलच्या आसपास आहे. मग १३ गुंठ्यांवर सुमारे १.६ क्विंटल तूर घेतली जाईल. प्रत्यक्षात शेतकऱ्याकडे ३ क्विंटल आहे.

कारण उघड आहे. सोयाबीन निघाल्यावर तूर त्याच्याही जागेत पसरते, म्हणून १३ गुंठ्यांच्या ओळी २४ गुंठ्यांइतके उत्पादन देतात. आंतरपिकाचा फायदा म्हणतात तो हाच. पण खरेदीचा नियम सलग पिकाच्या मापाने चालतो. त्यामुळे जवळपास निम्मी तूर खुल्या बाजारात पडेल त्या भावाने विकावी लागते.

पीक विम्यातही क्षेत्राची अशीच वाटणी होते. राज्याने २०२३ मध्ये सुरू केलेली एक रुपयातील विमा योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. आता शेतकऱ्याला खरिपासाठी विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागतो आणि भरपाई महसूल मंडळातील पीक कापणी प्रयोगांवर ठरते. आंतरपीक घेणाऱ्याने स्वतःची जोखीम आधीच कमी केलेली असते. विम्याच्या हप्त्यात मात्र त्याची दखल नाही.

आंतरपीक कोणी घ्यावे, कोणी टाळावे?

हा सल्ला सरसकट देता येत नाही. ज्यांच्याकडे विहीर किंवा शेततळ्याचे दोन-तीन पाण्यापुरते पाणी आहे, ते सोयाबीननंतर हरभरा घेतात. तूर जानेवारीपर्यंत शेतात राहिली तर हरभऱ्याला जागा उरत नाही. हरभरा एकरी ६ क्विंटल आला आणि २०२६-२७ च्या रब्बी विपणन हंगामाचा ५,८७५ रुपये हमीभाव मिळाला, तर ३५,२५० रुपये होतात. हरभऱ्याचा खर्च वजा केला तरी अशा शेतकऱ्याला ‘सोयाबीन आणि मग हरभरा’ हाच मार्ग फायद्याचा. त्याला आंतरपिकाचा आग्रह करण्यात अर्थ नाही.

ज्यांचे शेत पूर्ण कोरडवाहू आहे, रब्बी निघत नाही आणि जमीन मध्यम खोलीची, निचऱ्याची आहे, त्यांच्यासाठी सोयाबीन-तूर योग्य. राज्यातील सुमारे ८० टक्के शेती कोरडवाहू आहे आणि २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर. म्हणजे हा वर्ग लहान नाही.

कापूस उत्पादकांसाठी मूग किंवा उडीद सोयीचा. ही पिके ६५ ते ७५ दिवसांत निघतात, तोवर कापूस पसरलेला नसतो. मुगाचे पैसे कापसाच्या फवारणीला कामी येतात. अडचण एकच. मुगाची तोडणी ऐन पावसात येते आणि चार दिवस झड लागली तर शेंगेतच कोंब फुटतात.

उसातील आंतरपीक मात्र सर्वांत सोपे. पहिले तीन-चार महिने सरीतली जागा मोकळीच असते आणि पाणी हमखास असते. म्हणून पश्चिम महाराष्ट्रात कांदा, हरभरा, कोबी ही उसातली आंतरपिके सांगावी लागली नाहीत, ती आपोआप रुजली. कोकणात नारळाच्या बागेत मिरी, जायफळ, दालचिनी घेणाऱ्या ‘लाखी बागे’चेही तेच. हिशेब आणि साधने जुळली की शेतकरी स्वतःहून आंतरपीक घेतो, हे यावरून दिसते.

सरकारी धोरण कोणत्या दिशेने?

केंद्रीय मंत्रिमंडळाने १ ऑक्टोबर २०२५ रोजी कडधान्य आत्मनिर्भरता मोहिमेला मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंतच्या सहा वर्षांसाठी ११,४४० कोटी रुपयांची तरतूद, कडधान्यांखाली ३५ लाख हेक्टर वाढीव क्षेत्र आणि ३५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट आहे. क्षेत्रवाढीसाठी भाताच्या पडीक जमिनींबरोबर आंतरपिकांचाही उल्लेख आहे. बियाण्यांचे ८८ लाख संच मोफत वाटले जाणार आहेत. नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांची तूर, उडीद आणि मसूर चार वर्षे नाफेड आणि एनसीसीएफमार्फत हमीभावाने पूर्ण खरेदी करण्याचे आश्वासन आहे.

या आश्वासनाला एक दुसरी बाजूही आहे. तुरीची शुल्कमुक्त आयात मे २०२१ पासून सुरू झाली आणि तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. २०२४-२५ मध्ये देशाची एकूण डाळ आयात ७० लाख टनांवर गेली. २०२४ मध्ये दहा हजारांवर पोहोचलेली तूर नवा माल येताच २०२५ च्या सुरुवातीला ७,५५० रुपये हमीभावाखाली आली. २०१६-१७ मध्येही असेच झाले होते. भाव पाहून शेतकऱ्यांनी तूर वाढवली, उत्पादन विक्रमी झाले आणि ५,०५० रुपयांच्या हमीभावासाठी खरेदी केंद्रांवर आठवडेच्या आठवडे रांगा लागल्या. तो अनुभव गावे विसरलेली नाहीत.

तुरीच्या दोन ओळी पेरण्याचा निर्णय जूनमध्ये होतो आणि तिचा भाव जानेवारीत कळतो. मधल्या सात महिन्यांत आयातीचे धोरण बदलणार नाही, एवढी खात्री मिळाली तरी पुष्कळ शेतकरी पुन्हा विचार करतील.

व्यवहारात उतरवायचे तर काय हवे?

पहिले, खरेदीची मर्यादा. ४:२ किंवा ६:२ अशी नोंद असलेल्या शेतासाठी तुरीची खरेदी केवळ ओळींच्या क्षेत्रावर न मोजता आंतरपिकाच्या प्रत्यक्ष उत्पादकतेवर मोजायला हवी. कृषी विद्यापीठांकडे त्याचे अनेक वर्षांचे आकडे आहेत. यासाठी नवा निधी लागत नाही, नियम बदलावा लागतो.

दुसरे, पेरणीयंत्र. अवजारे बँका आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना अनुदानावर यंत्रे दिली जातात. त्यांत दुभागलेल्या पेटीची अट घातली, तर वाफशाच्या दिवशी ट्रॅक्टरचालकाला वेगळी खटपट करावी लागणार नाही. बियाण्यांचे संचही जोडीने द्यावेत. सोयाबीनचा आणि तुरीचा वाण एकमेकांना साजेसा नसेल तर मोफत पिशवीचा उपयोग नाही.

तिसरे, विक्री. एकरी दोन-तीन क्विंटल तूर घेऊन एकटा शेतकरी बाजारात गेला तर वाहतूक आणि हमालीतच बरेच जाते. गावातल्या वीस जणांनी माल एकत्र केला तर भाव ठरवताना बोलता येते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी दाल मिल विदर्भात बचत गटांनी वापरून दाखवली आहे. थोडी तूर डाळ करून विकली तरी एकरी उत्पन्नात भर पडते.

आणि शेतकऱ्याच्या बाजूने? सगळे शेत एकदम बदलण्याची गरज नाही. चार एकरांपैकी एका एकरात, निचऱ्याच्या तुकड्यावर, शेजारच्या दोघा-तिघांना सोबत घेऊन सुरुवात करता येते. पेरणीपूर्वी चालकाशी ओळींची मांडणी ठरवावी, ई-पीक पाहणीत ‘मिश्र पीक’ निवडून दोन्ही क्षेत्रे भरावीत, तुरीच्या दोन फवारण्यांचे पैसे सोयाबीनच्या विक्रीतून बाजूला काढावेत. हंगामाच्या शेवटी सलग आणि आंतरपिकाच्या एकराचा खर्च-उत्पन्न वहीत शेजारी-शेजारी मांडावे.

तुरीच्या दोन ओळींनी कोणी श्रीमंत होणार नाही. पण सोयाबीन गेले त्या वर्षी त्या ओळी पुढच्या पेरणीचे बियाणे आणि खत उसने न घेता आणायला पुरतात. कोरडवाहू शेतकऱ्याला आंतरपिकाचे मोल तिथे कळते. खरेदीच्या नियमांत मात्र त्याच्या १३ गुंठ्यांतल्या तीन क्विंटल तुरीला अजून जागा मिळायची आहे.